कंपवात आधी कोणत्या हातात, आणि बुद्धीवर त्याचा परिणाम काय?

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार, बहुतेक वेळा शरीराच्या एकाच बाजूने सुरू होतो. एका हाताची बोटे स्वस्थ बसल्यावर थरथरू लागतात, चालताना तोच हात झुलेनासा होतो, शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो. कधी खांदा आखडला म्हणून माणूस आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जातो आणि खरे निदान बऱ्याच उशिरा होते. काही काळाने दुसरी बाजूही आजाराच्या तावडीत येते. पण ज्या बाजूने सुरुवात झाली ती बहुधा पुढेही अधिक जड राहते. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या आणि जगभर वापरल्या गेलेल्या निदानाच्या निकषांत एका बाजूने सुरुवात आणि तीच बाजू जास्त जड राहणे या दोन्ही गोष्टी कंपवाताच्या बाजूने पुरावा म्हणून धरल्या जातात. हून आणि यार यांनी १९६७ मध्ये आजाराच्या पाच पायऱ्या ठरवल्या. त्यांतली पहिली पायरी एकाच बाजूच्या लक्षणांची आणि दुसरी दोन्ही बाजूंच्या लक्षणांची आहे.

हा एकांगीपणा फक्त हातापायांपुरता असतो, की स्मरण, भाषा, लक्ष आणि दिशांचे भान यांच्यावरही त्याची छाप पडते? डाव्या हातापासून सुरू झालेल्या आणि उजव्या हातापासून सुरू झालेल्या कंपवातात विचारांच्या अडचणी वेगळ्या असतात का? या प्रश्नावर गेली साठेक वर्षे काम चालू आहे. उत्तरे बरीच मिळाली, पण ती एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. का जुळत नाहीत, तेही आता बऱ्यापैकी कळू लागले आहे. या लेखात 'डाव्या बाजूचा रुग्ण' म्हणजे ज्याच्या शरीराच्या डाव्या बाजूला लक्षणे आधी आली किंवा जास्त आहेत तो, असा अर्थ घ्यावा. मेंदूचा उजवा अर्धगोल शरीराची डावी बाजू चालवतो, त्यामुळे अशा रुग्णात मेंदूची उजवी बाजू जास्त बाधित असते.

प्रश्न उभा राहिला कसा

लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे या आजाराचे वर्णन लिहिले. त्यात त्यांनी बुद्धी आणि इंद्रिये शाबूत राहतात असे म्हटले होते. सहापैकी काही जण तर त्यांनी फक्त रस्त्यात पाहिलेले होते. पुढे पॅरिसमध्ये शार्को यांनी आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले आणि कालांतराने बुद्धीवरही परिणाम होतो हे नोंदवले. तरीही 'हा हालचालींचा आजार' ही समजूत शंभराहून अधिक वर्षे टिकली, आणि डॉक्टर व घरची माणसे दोघेही विचारांतल्या बदलांना वयाच्या खात्यात टाकत राहिले.

आजाराचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर पेशीसमूहात आहे, हे १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांच्या प्रबंधाने दाखवले. या पेशी डोपामिन हे रसायन बनवतात. कंपवाताने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी असते, हे १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी सिद्ध केले, आणि त्यातून लेव्होडोपाचे औषध आले. एकांगीपणाचे कारण पुढे स्कॅनमधून डोळ्यांना दिसले. डोपामिन दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये जास्त आजारी हाताच्या विरुद्ध बाजूचा पुटामेन हा भाग अधिक फिका दिसतो. म्हणजे रसायनाची टंचाई खरोखरच एका बाजूला जास्त असते.

दुसरा धागा मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या कामवाटणीचा. बहुसंख्य माणसांत भाषेचा मोठा भार डाव्या अर्धगोलावर असतो, हे ब्रोका यांच्या काळापासून माहीत आहे. जागेचे भान, अंतर, आकार आणि सभोवतालच्या डाव्या बाजूकडे लक्ष ही कामे उजव्या अर्धगोलावर जास्त अवलंबून असतात. अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक यांनी १९८६ मध्ये मांडले की मेंदूच्या तळातून मेंदूच्या पृष्ठभागाकडे जाणारे अनेक समांतर मार्ग आहेत. काही हालचालींचे, काही नियोजनाचे, काही भावनांचे. हे दोन धागे जोडले की अनुमान सरळ निघते: उजव्या मेंदूत डोपामिन कमी झाले तर डावा हात जड होईल आणि दिशांचे भान ढळेल, डाव्या मेंदूत कमी झाले तर उजवा हात जड होईल आणि शब्द अडतील.

शस्त्रक्रियांचा पुरावा

लेव्होडोपा येण्यापूर्वी कंपवातावर मेंदूतला ठरावीक छोटा भाग जाळण्याच्या शस्त्रक्रिया होत. मेंदूतल्या थॅलमस या भागावर डाव्या बाजूला शस्त्रक्रिया झालेल्यांचे शाब्दिक कौशल्य काही काळ घसरते, हे त्या काळातच नोंदले गेले. नव्वदच्या दशकात पॅलिडोटॉमी, म्हणजे पॅलिडम या भागावरची अशीच शस्त्रक्रिया, पुन्हा वापरात आली, तेव्हाही डाव्या शस्त्रक्रियेनंतर शब्द सुचण्यात घट आणि उजव्या शस्त्रक्रियेनंतर आकृती-अंतराच्या कामांत घट, असा कल दिसला. आज मेंदूत इलेक्ट्रोड बसवून केल्या जाणाऱ्या उपचारातही बुद्धीवर होणारा सर्वांत हमखास परिणाम म्हणजे शब्दप्रवाह कमी होणे. एका मिनिटात जितकी प्राण्यांची नावे आधी सांगता येत, तितकी नंतर येत नाहीत. या पुराव्याचे मोल मोठे आहे, कारण इथे बाजू निसर्गाने नव्हे तर सर्जनने निवडलेली असते. मात्र शस्त्रक्रियेने झालेली जखम आणि वर्षानुवर्षे हळूहळू होणारी झीज या एकच गोष्टी नव्हेत. झीज सावकाश होते तेव्हा मेंदूला सावरून घ्यायला वेळ मिळतो.

डाव्या बाजूच्या रुग्णांत काय आढळते

या प्रश्नाचा सर्वांत भक्कम भाग हाच आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

कागदावर आडवी रेघ काढून तिच्या मध्यावर खूण करायला सांगितली की निरोगी माणूस मध्याच्या किंचित डावीकडे खूण करतो. डाव्या बाजूच्या रुग्णांची खूण उजवीकडे सरकते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. जगाची डावी बाजू त्यांना थोडी कमी जाणवते, असा याचा अर्थ लावला जातो. उजव्या मेंदूच्या पक्षाघातानंतर काही रुग्ण ताटाच्या डाव्या बाजूचे अन्न तसेच सोडून देतात. कंपवातातला दोष त्याच जातीचा, पण इतका सौम्य की चाचणी केल्याशिवाय लक्षात येत नाही. २००१ मधल्या प्रयोगांत डाव्या बाजूच्या रुग्णांना दरवाजातून जाण्यासाठी प्रत्यक्षापेक्षा जास्त रुंदी लागेल असे वाटले, म्हणजे दरवाजा त्यांना अरुंद भासला. बॉस्टनमध्ये अ‍ॅलिस क्रोनिन-गोलोंब यांच्या गटाने चालताना होणाऱ्या विचलनाचा अभ्यास केला. आपला मध्य कुठे आहे याचा अंदाज आणि डोळ्यांसमोरून सरकणाऱ्या दृश्याची जाणीव या दोन्हींत दोन बाजूंचे रुग्ण सारखे नसतात, असे त्यांना दिसले.

कंपवातात दाराशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणे ही घरोघरची तक्रार आहे, म्हणून हे निष्कर्ष मला विशेष महत्त्वाचे वाटतात. पाय अडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली बरीचशी हालचालींच्याच यंत्रणेत आहेत. पण डाव्या बाजूच्या रुग्णाचा खांदा चौकटीला लागत असेल, किंवा डावीकडे ठेवलेली काठी त्याला सापडत नसेल, तर त्याला 'लक्ष कुठे असतं तुमचं?' असे विचारण्याआधी घरच्यांनी हे माहीत करून घ्यायला हवे.

आकृती मनात फिरवून ओळखणे, नकाशावरचा रस्ता लक्षात ठेवणे, गुंतागुंतीची आकृती हुबेहूब उतरवणे यांतही डाव्या बाजूचे रुग्ण बऱ्याच अभ्यासांत मागे पडतात. आवाजातला राग किंवा खेद ओळखणे, भास होणे याबाबतही काही अभ्यासांनी उजव्या मेंदूकडे बोट दाखवले आहे; तो पुरावा अजून विरळ आहे.

उजव्या बाजूचे रुग्ण आणि शब्द

इथे चित्र तितके स्वच्छ नाही. शब्दांची यादी ऐकून ती थोड्या वेळाने आठवणे, नेमका शब्द सापडणे, गोष्ट ऐकून पुन्हा सांगणे यांत उजव्या बाजूचे रुग्ण अधिक अडखळतात, असे काही अभ्यास सांगतात. २००६ मधील एका अभ्यासात सुरुवातीची बाजू शाब्दिक स्मरणाशी जोडलेली आढळली. पण इतर अनेक ठिकाणी फरक दिसला नाही. याचे एक संभाव्य कारण असे की भाषेच्या बहुतेक चाचण्यांत दोन्ही अर्धगोल राबतात. शब्दांची यादी पाठ करणाऱ्या माणसाला लक्ष टिकवावे लागते, क्रम लावावा लागतो, आठवण्याची युक्ती निवडावी लागते. यांतले काही काम उजव्या अर्धगोलातले मार्गही करतात. दुसरे कारण चाचणीच्या पद्धतीचे: उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा उजवाच हात आजारी असेल, तर लिहून द्यायच्या प्रत्येक परीक्षेत तो मंद पडतो, आणि मंदपणा हाताचा की विचारांचा हे वेगळे करणे अवघड होते.

शब्दांपलीकडे, बक्षीस आणि शिक्षा यांतून शिकण्यातही बाजूचा फरक पडतो का, हा प्रश्न अलीकडे पुढे आला आहे. इस्राएलमधील राहेल टोमर आणि सहकाऱ्यांच्या कामातून असे सुचते की डाव्या मेंदूतले डोपामिन नवे काही मिळवण्याच्या ओढीशी अधिक जोडलेले आहे आणि उजव्या मेंदूतले धोका टाळण्याशी. कंपवाताच्या काही औषधांनी जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागू शकते. ती ओढ कोणाला लागेल हे बाजूवरून ओळखता आले, तर उपचारात फार मोठी मदत होईल. आजचा पुरावा तेवढा पुरेसा नाही.

नुकसान कोणाचे अधिक?

१९९३ मध्ये टोमर, लेव्हिन आणि वायनर यांनी 'अ‍ॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात एक निबंध छापला, आणि वादाला वेगळे वळण मिळाले. डाव्या बाजूने सुरुवात झालेले रुग्ण केवळ दिशा-आकारांच्या चाचण्यांतच नव्हे, तर शब्द आठवणे, शब्द सुचणे आणि अमूर्त विचार यांतही मागे असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे प्रकाराचा फरक नसून प्रमाणाचा फरक आहे, आणि डावी सुरुवात एकंदरीत वाईट. सुरुवातीच्या एकांगी झिजेचा परिणाम पुढे दोन्ही बाजू बाधित झाल्यावरही टिकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

याच्या उलट निष्कर्षही आले. काही गटांत उजव्या बाजूचे रुग्ण एकंदर चाचण्यांत कमी पडले. तिसरा पक्ष म्हणतो की फरकच नाही. नुकतेच निदान झालेल्या आणि अजून औषध सुरू न केलेल्या रुग्णांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या पक्षाचा मुख्य आधार आहे. त्यात सुरुवातीच्या बाजूचा बुद्धीवर परिणाम दिसला नाही. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. डाव्या बाजूच्यांना जागेच्या भानात आणि उजव्या बाजूच्यांना भाषा व शाब्दिक स्मरणात अडचण, हा कल त्यांना मान्य करावासा वाटला. सोबत अभ्यासांच्या पद्धतींवर त्यांनी बरेच प्रश्नही उभे केले.

मला स्वतःला गेंटच्या आढाव्यातला हा मधला कल अधिक पटतो. डाव्या सुरुवातीने सगळीच बुद्धी जास्त घसरते, या दाव्याला एक साधा पर्यायी खुलासा आहे. उजव्या हाताने कामे करणाऱ्या माणसाचा डावा हात मंदावला तर ते उशिरा लक्षात येते. सही बदलत नाही, घास अडत नाही. तो डॉक्टरांकडे पोचेपर्यंत आजार अधिक पुढे गेलेला असू शकतो. मग चाचणीत दिसणारी घट बाजूची नसून उशिराची असेल.

उत्तरे का जुळत नाहीत

पहिली अडचण 'बाजू' ठरवण्याचीच. काही संशोधक रुग्णाच्या आठवणीवर जातात, काही आज तपासून जास्त जड बाजू ठरवतात, काही स्कॅन पाहतात. तिन्ही उत्तरे दर वेळी एक येत नाहीत. त्यात हाताच्या सवयीची भर पडते. २०१२ मधल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार उजव्या हाताच्या माणसांपैकी सुमारे ६० टक्के लोकांत उजवी बाजू जास्त बाधित असते, आणि डावखुऱ्यांत जवळपास तेवढ्याच प्रमाणात डावी. असे का होते याचे समाधानकारक उत्तर अजून नाही. डावखुऱ्या माणसांत भाषेची मेंदूतली वाटणीही वेगळी असू शकते, म्हणून त्यांना वगळणारे अभ्यास आणि सामावून घेणारे अभ्यास एका पंक्तीत बसत नाहीत.

दुसरी अडचण हात आणि बुद्धी यांच्या नात्याची आहे, आणि माझ्या मते हीच खरी गाठ. हाताची लक्षणे पुटामेनमधल्या टंचाईतून येतात. नियोजन आणि चालती स्मृती (काम करताना गोष्टी मनात धरून ठेवणारी) शेजारच्या कॉडेट या भागावर अधिक अवलंबून असतात, आणि तिथली टंचाई सुरुवातीला कमी असते. १९८८ मध्ये किश, शन्नाक आणि हॉर्निकीविच यांनी हे मोजून दाखवले. म्हणजे जड हात आपल्याला मेंदूच्या एका भागाची खबर देतो आणि आपण दुसऱ्या भागाबद्दल अनुमान काढतो. याच फरकामुळे हातासाठी योग्य असलेला लेव्होडोपाचा डोस विचारांच्या काही मार्गांना जास्त ठरू शकतो. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या अवस्थेत एकाच माणसाची उत्तरे बदलतात. बरेच जुने अभ्यास याची नोंद न करता झाले.

तिसरे म्हणजे संख्या. अनेक अभ्यासांत दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासही रुग्ण नाहीत, आणि चाचण्या मात्र दहा-वीस. इतक्या चाचण्यांत एखादा फरक निव्वळ योगायोगाने निघतोच, आणि निघालेला फरक छापून येण्याची शक्यता न निघालेल्यापेक्षा जास्त असते.

स्मृतिभ्रंशाचे काय?

रुग्ण आणि घरच्यांच्या मनातला मोठा प्रश्न हा आहे. सिडनीतील दीर्घ अभ्यासात वीस वर्षांनी हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांना स्मृतिभ्रंश झाला होता. केंब्रिजच्या अभ्यासात दहा वर्षांत ४६ टक्के. अलीकडच्या स्वयंसेवक रुग्णांच्या मोठ्या गटांत दहा वर्षांपर्यंतचे प्रमाण यापेक्षा बरेच कमी निघाले आहे; त्या गटांत शिकलेले आणि तुलनेने निरोगी लोक जास्त असतात, हे ध्यानात ठेवायला हवे.

केंब्रिजच्या गटाने पुढच्या धोक्याची जी चिन्हे शोधली, ती लक्षणीय आहेत: जास्त वय, एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन उतरवता न येणे, आणि प्राण्यांसारख्या एखाद्या गटातली नावे कमी सुचणे. यांतली एक चाचणी जागेच्या भानाची, दुसरी शब्दांची. म्हणजे धोक्याची खूण उजव्या किंवा डाव्या एका बाजूची नाही. त्या गटाचे म्हणणे असे की दोन वेगळ्या वाटा आहेत. एक डोपामिनच्या टंचाईची, जिच्यात नियोजन आणि लक्ष यांची अडचण होते. ती त्रास देते पण स्मृतिभ्रंशाकडे नेतेच असे नाही. दुसरी मेंदूच्या मागच्या भागाची आणि अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाची. ती अधिक धोक्याची. हाताची बाजू पहिल्या वाटेबद्दल काही सांगू शकते. दुसऱ्या वाटेबद्दल ती जवळजवळ मूक आहे.

गेल्या काही वर्षांत डेन्मार्कचे पेर बोर्गहामर यांनी प्रश्नच फिरवून मांडला आहे: डावी की उजवी हे सोडा, दोन बाजूंत फरक किती आहे ते पाहा. त्यांच्या मांडणीनुसार काहींचा आजार मेंदूत, एकाच बाजूला सुरू होतो आणि त्यामुळे बराच काळ एकांगी राहतो. इतरांचा आतड्यांच्या मज्जातंतूंत सुरू होतो आणि दोन्ही बाजूंनी वर चढतो. त्यांच्यात फरक कमी असतो, झोपेत स्वप्नांप्रमाणे हातपाय झाडण्याचा विकार आधीपासून असतो, आणि बुद्धीची घट लवकर येते. ही मांडणी खरी असेल तर ठळक एकांगीपणा हे काहीसे दिलासादायक लक्षण ठरेल. तिला स्कॅनचा आधार आहे, पण प्रत्येक रुग्ण या दोन कप्प्यांत बसत नाही, आणि अनेक वर्षांचा पाठपुरावा अजून व्हायचा आहे.

मराठी रुग्णाची चाचणी

या संशोधनातल्या बहुतेक चाचण्या इंग्रजी आणि युरोपीय भाषांत घडल्या. ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा, ही चाचणी रोमन लिपीच्या हिशेबाने बनलेली आहे. देवनागरीत 'क' आणि 'की' एकच धरायचे का, हे आधी ठरवावे लागते. पंचकोन उतरवणे शाळेत भूमिती शिकलेल्याला सोपे, पाटी-पेन्सिल न धरलेल्या आजीला अवघड. रेघेचा मध्य शोधण्यावर वाचनाच्या दिशेचाही परिणाम होतो: डावीकडून वाचणारे फ्रेंच आणि उजवीकडून वाचणारे हिब्रू वाचक वेगवेगळ्या बाजूंना झुकतात, हे १९९३ मध्ये दिसले. मराठी आणि उर्दू वाचकांना म्हणूनच एकाच मापाने मोजता येणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भारतीय भाषांसाठी बुद्धिमापनाचा संच तयार केला, तेव्हा त्यातल्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या होत्या. मराठीत शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर पारखलेली, शब्द आणि जागेचे भान या दोन्हींना पुरेसा वाव देणारी चाचणी रोजच्या दवाखान्यात वापरात यायला हवी. त्याशिवाय इथल्या रुग्णांबद्दल या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

उलगडायच्या राहिलेल्या गोष्टी आता नेमक्या सांगता येतात. निदानाच्या दिवसापासून, औषध सुरू होण्याआधी, हाताची सवय नोंदवून, पुटामेन आणि कॉडेट दोन्ही मोजून, मोठ्या संख्येने रुग्ण दहा-पंधरा वर्षे पाहिले गेले, तर बाजूचा परिणाम कायम राहतो की दोन्ही बाजू बाधित झाल्यावर पुसला जातो हे कळेल. तोवर कोणत्याही एका माणसाबद्दल 'डाव्या हातापासून सुरू झाला, म्हणजे बुद्धी लवकर जाणार' असे म्हणायला आधार नाही, आणि तसे कोणी सांगितले तर त्याने घाबरून जाऊ नये.

शुभंकरांना, म्हणजे रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्या माणसांना, एवढीच विनंती: न्यूरोलॉजिस्टकडे जाताना आजार कोणत्या बाजूने, केव्हा सुरू झाला हे लिहून न्या. त्याच कागदावर हेही लिहा की माणूस दाराला धडकतो का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतो का, नेमका शब्द अडतो का, झोपेत हातपाय झाडतो का, आणि हे औषधाच्या वेळेनुसार बदलते का. स्मरणशक्तीची चाचणी होणार असेल तर शब्दांची आणि आकृतींची, दोन्ही घ्या असे डॉक्टरांना सांगा.